मोडण्याआधीचा हात

सुट्टीतली संध्याकाळ. सहा-सात वर्षांचं पोर झोपाळ्यावरून पडतं, कोपर सुजतं, घरचे त्याला तालुक्याच्या गावी दवाखान्यात आणतात. एक्स-रे निघतो. करंगळीच्या बाजूचं हाड किंचित वाकलेलं दिसतं आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं वरचं टोक कोपराच्या सांध्यातून निसटलेलं. मिलानचे सर्जन जोव्हान्नी मोन्तेज्जा यांनी १८१४ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ऐंशी वर्षं आधी, नेमकी ही जोडी सांगून ठेवली होती: एक हाड मोडतं, दुसरं निखळतं. ही दुखापत नजरेतून सुटली तर कोपर कायमचं बिघडतं, म्हणून प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या डोक्यात ती ठोकून बसवलेली असते. मग मुलाला भूल देतात, हात ओढतात. टोक जागेवर जात नाही. पुन्हा ओढतात. शेवटी कोपर उघडायचं बोलणं सुरू होतं.

टोक जागेवर जात नाही, कारण ते तिथे कधी नव्हतंच. मूल जन्मलं तेव्हापासून ते बाहेर आहे. त्याची खूण फिल्मवरच असते. त्या टोकाला एरवी वाटीसारखा खळगा असतो, इथे ते घुमटासारखं फुगीर असतं. समोरचा जो गोल उंचवटा त्या वाटीत बसायचा, तो नीट वाढलेला नसतो. टोक बहुधा मागच्या बाजूला सरकलेलं असतं आणि अनेकदा दुसऱ्या कोपरातही हाच प्रकार असतो. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलात मात्र हे टोक कूर्चेचं असतं, एक्स-रेत दिसतच नाही, तेव्हा ही खूणही हाताशी नसते. मग दोनच स्वस्त उपाय उरतात. एक, दुसऱ्या कोपराचा एक्स-रे. दोन, आईला विचारायचं, पडायच्या आधी हा हात कसा होता? आई बरेचदा सांगते, ‘पहिल्यापासूनच त्याचा तो हात पुरता उताणा होत नाही.’

जन्मजात वेगळ्या हाडांच्या माणसाचा हात मोडला तर काय करावं, या प्रश्नावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेक लिखाण एकेका रुग्णाची हकिकत किंवा दहा-वीस रुग्णांचा जमाखर्च, अशा स्वरूपाचं आहे. दुखणी विरळ, त्यांत हात मोडलेले आणखी विरळ. मोठ्या चाचण्या होणार कशा? पण हे सगळं शेजारी ठेवून वाचलं की एक गोष्ट दिसते. जिथे उपचार फसले, तिथे सर्जनच्या हातात कसब कमी नव्हतं. त्याने पुस्तकातला हात दुरुस्त करायला घेतला होता आणि टेबलावर दुसराच हात होता.

पुस्तकातला हात म्हणजे काय, ते आधी पाहू. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला मराठीत धड रोजचा शब्द नाही. ‘अग्रबाहू’ पाठ्यपुस्तकात राहिला. पण या भागाच्या कामासाठी मात्र आपल्याकडे दोन नेमके शब्द आहेत, उताणा आणि पालथा. तीर्थ घेताना हात उताणा, पोळी लाटताना पालथा. करंगळीकडचं हाड, अल्ना, खांबासारखं स्थिर राहतं आणि अंगठ्याकडचं, रेडियस, बादलीच्या कडीसारखं त्याच्याभोवती फिरतं. कडी सरळ असून चालत नाही, तिला बाक लागतो. आणि बाक चुकला तर ती फिरताना अडते. म्हणूनच हाडांचे डॉक्टर या अख्ख्या भागाला एक सांधाच मानतात. १९८२ साली मृतांच्या हातांवर एक प्रयोग झाला. हाडं मध्यावर १० अंशांनी वाकवली तर फिरण्यात फारसा फरक पडला नाही, २० अंशांनी वाकवल्यावर मात्र जाणवेल इतका पडला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत कोपराच्या हालचाली मोजल्या गेल्या तेव्हा रोजच्या कामांना ५० अंश उताणं आणि ५० अंश पालथं पुरतं असं निघालं. ती कामं तिथली होती. ताटातला वरणभात हाताने कालवून खाणाऱ्याचं मोजमाप कुणी घेतलं असतं तर आकडा काय आला असता, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

या गणितावर उपचार उभे राहिले. लहान मुलाचं हाड वाढता वाढता स्वतःला सरळ करून घेतं, म्हणून त्याला ओढून बसवून प्लास्टर. थोड्या मोठ्या मुलांसाठी फ्रान्सच्या नान्सी शहरातल्या मेतेझो, लिजिए वगैरे सर्जनांनी १९८० च्या आसपास रूढ केलेल्या लवचीक सळया. प्रौढांना प्लेट आणि स्क्रू, हाडाचा मूळ बाक मिलिमीटरपर्यंत परत आणून. हे सगळं फार चांगलं चालतं. मात्र त्यासाठी हाडाचा मालमसाला नेहमीचा असावा लागतो, आत पोकळी असावी लागते, स्थिर ठेवलं की ते जुळायला हवं आणि मुळात दोन हाडं एकमेकांभोवती फिरत असायला हवीत. जन्मजात दुखण्यांत यांतलं काही ना काही नसतं.

मालमसाल्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा इतिहास सर्वांत मोठा आहे. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं ‘ओआय’, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक. भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्मतात, म्हणजे हजारावर मुलं दरवर्षी हे दुखणं घेऊन येतात. बिघाड कोलॅजेनमध्ये असतो. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर सिमेंट आहे, आतलं लोखंड कमी पडलंय किंवा वाकडं आलंय. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड सिलेन्स यांनी १९७९ मध्ये याचे चार प्रकार केले. पुढे जनुकं सापडत गेली तशी यादी लांबली. पहिला प्रकार सौम्य. मूल चालतं, शाळेत जातं, घरात एवढंच म्हणतात की ‘याचा हात सारखा मोडतो’. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघावा, बरेचदा निळसर असतो. आणि कोपराच्या मागचं टोक, आपण टेबलावर टेकवतो ते, साध्याशा पडण्याने निघून आलं असेल तर पुढचं सगळं सोडून ओआयचा विचार करावा. निरोगी मुलात ही दुखापत क्वचित दिसते, ओआयच्या मुलात वारंवार. एका बाजूला झाली की पुढे अनेकदा दुसऱ्या बाजूलाही होते. तारा घालून ते जोडलं, जुळलं आणि रिवाजाप्रमाणे तारा काढल्या की काही मुलांत ते पुन्हा तिथेच मोडतं.

पाश्चात्त्य देशांत अशी मुलं दवाखान्यात आली की आईबापांवर मारहाणीचा संशय येतो, त्यावर खटले झाले आहेत. आपल्याकडे संशय आईच्या दुधावर आणि कॅल्शियमवर येतो. वर्षानुवर्षं टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडू देऊ नये हे खरं, पण लोखंड कमी असलेल्या भिंतीला आणखी सिमेंट फासून ती उभी राहत नाही.

आता असा हात मोडला. प्रौढाला प्लेट घालतात तशी घातली तर काय होतं? प्लेटखालचं हाड ताठ होतं, प्लेट संपते तिथे पुन्हा ठिसूळ हाड सुरू होतं, आणि पुढचं फ्रॅक्चर नेमकं त्या सांध्यावर, शेवटच्या स्क्रूपाशी होतं. मग आणखी लांब प्लेट, आणि आणखी वरचं फ्रॅक्चर. शिकागोचे हॅरल्ड सोफिल्ड आणि एडवर्ड मिलर यांनी १९५९ मध्ये याला उत्तर दिलं. त्यांनी वाकलेलं हाड ठिकठिकाणी कापलं, तुकडे सरळ केले आणि माळेत मणी ओवावेत तसे एका सळईवर ओवले. सळई हाडाच्या आत, टोकापासून टोकापर्यंत. आधाराला कुठे मध्येच शेवट नाही, त्यामुळे मोडायला नवी जागा नाही. ऑपरेशन रक्तबंबाळ होतं आणि हाड पुढे वाढून सळईच्या बाहेर यायचं. म्हणून बेली आणि डुबॉ यांनी १९६३ मध्ये दुर्बिणीसारखी लांबणारी सळई आणली. आज माँट्रियलच्या फासिए आणि ड्युव्हाल यांच्या नावाची सळई अनेक देशांत वापरली जाते. मांडी, नडगी, दंड यांत ती उत्तम काम करते.

कोपराखाली मात्र ही हुशारी अपुरी पडते. ओआयच्या मुलाच्या रेडियसची आतली पोकळी कधीकधी दोन मिलिमीटरही नसते. त्यात लांबणारी सळई कुठे मावणार? मग सर्जन साध्या, दीड-दोन मिलिमीटरच्या तारेवर येतो. तार लांबत नाही. मूल वाढतं, हाड तारेच्या पुढे जातं, बिनआधाराचा भाग पुन्हा वाकतो, कधी रेडियसचं टोक कोपरातून हळूहळू सरकतं, आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा भूल, पुन्हा तार. आईबापांना हे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं. ‘एकदा रॉड टाकला की झालं’ हे वाक्य इथे खोटं ठरतं. आणि इतरांच्या हातातला रॉड हाड जुळल्यावर काढतात, तसा इथे काढायचा नाही. तो तिथे टेकू म्हणूनच आहे.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं मुळीच नाही. ओआयचं हाड मोडतं लवकर, पण बहुधा इतरांच्या हाडाइतक्याच वेळात जुळतं. सौम्य प्रकारात, हाड जागेवर असेल तर प्लास्टर पुरतं. पण किती दिवस आणि किती जड? हात सहा आठवडे गळ्यात राहिला की हाड आणखी विरळ होतं, प्लास्टर काढल्यावर पंधरवड्यात ते शेजारीच मोडतं, पुन्हा प्लास्टर. अशी साखळी लागलेली मुलं असतात, ज्यांचं बालपण प्लास्टरच्या हिशेबाने मोजलं जातं. शिवाय प्लास्टरची कडा हीसुद्धा प्लेटच्या टोकासारखीच. जड प्लास्टर जिथे संपतं तिथे तरफ तयार होते. म्हणून हलकं फायबरचं प्लास्टर किंवा काढघाल करता येणारी पट्टी, शक्य तितकी थोडा काळ, आणि लगेच बोटांचा, कोपराचा व्यायाम. ऑपरेशन थिएटरमधली काळजी तर वेगळीच. रक्तदाब मोजायचा पट्टा करकचून फुगला तरी दंडाचं हाड मोडू शकतं. टेबलावर हात सरळ करायला ओढणारा नवशिका मदतनीस इथे सर्जनपेक्षा धोकादायक असतो.

औषधांची गोष्ट १९९८ मध्ये बदलली. माँट्रियलच्याच फ्रान्सिस ग्लोरिओ यांच्या पथकाने गंभीर ओआय असलेल्या ३० मुलांना पामिड्रोनेट शिरेतून ठरावीक अंतराने दिलं. वेदना कमी झाल्या, हाडांची घनता वाढली, वर्षाला होणारी फ्रॅक्चर सरासरी १.७ ने घटली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे त्या कामाचं उणेपण. पण अंथरुणाला खिळलेली मुलं बसू लागली, हे पाहिल्यावर जगभर औषध पसरलं. आता सहा महिन्यांनी एकदा द्यायचं झोलेड्रोनेटही वापरतात. पुढच्या तुलनात्मक चाचण्यांचे आढावे घेतल्यावर निष्कर्ष जरा सावध झाला: घनता नक्की वाढते, फ्रॅक्चर किती कमी होतात याबद्दल पुरावा एकसारखा नाही. हातापुरता एक बारकावा महत्त्वाचा आहे. माँट्रियलच्याच नोंदींत असं दिसलं की औषध चालू असताना पडून मोडलेलं हाड वेळेत जुळतं, पण सर्जनने मुद्दाम कापलेलं हाड जुळायला उशीर लावतं. म्हणून वाकलेलं हाड कापून सरळ करायचं असेल तर तापणारी यांत्रिक करवत टाळून छिन्नी वापरावी आणि नंतर काही महिने औषधाचा पुढचा डोस थांबवावा, अशी पद्धत पडली.

ओआयचा पाचवा प्रकार या हाताचाच आजार म्हणावा इतका इथे रमतो. २००० साली तो वेगळा ओळखला गेला, २०१२ मध्ये त्याचं जनुक सापडलं. यात दोन हाडांमधला पडदाच हाड बनतो आणि हात उताणा-पालथा होणं थांबतं. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन झालं की जुळणीचं हाड बेफाम वाढतं, गरम, दुखरी गाठ येते आणि ती एक्स-रेत हाडाच्या कर्करोगासारखी दिसते. घाईने केलेलं निदान इथे हात घालवू शकतं. अशा मुलाच्या दोन हाडांमध्ये चाकू नेण्याआधी सर्जनने दहादा विचार केलेला बरा.

ठिसूळपणाचं दुसरं टोक म्हणजे संगमरवरी हाडं, ऑस्टिओपेट्रोसिस. हॅम्बुर्गचे हाइनरिश आल्बर्स-श्योनबर्ग यांनी १९०४ मध्ये ते फिल्मवर पाहिलं. (क्ष-किरणांच्या या आद्य उपासकाचा एक हात पुढे त्याच किरणांपायी कापावा लागला आणि १९२१ मध्ये त्यांचा जीवही त्यातच गेला.) हाड सतत बांधलं जातं आणि सतत मोडून नेलं जातं, ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये मोडून नेणाऱ्या पेशी काम करत नाहीत. त्यामुळे हाड साठतच जातं, पांढरंशुभ्र आणि घट्ट दिसतं, आणि खडूसारखं आडवं तुटतं. घट्ट म्हणजे मजबूत असं समजणारा सर्जन इथे पहिल्याच भोकाला शिकतो. ड्रिलचं पातं बोथट होतं, तुटून आत अडकतं, उष्णतेने भोवतालचं हाड मरतं. पोकळी भरून गेलेली असते, त्यामुळे सळईचा मार्गच बंद. प्रौढाला प्लेट घालावी लागते, तीही नवी पाती हाताशी ठेवून, थांबत थांबत, थंड सलाइन ओतत. हाड जुळायला फार वेळ घेतं, संसर्ग पटकन धरतो, आणि मज्जेला जागा न उरल्याने रक्तही कमी असू शकतं. त्यामुळे मुलांमध्ये, जागेवर राहत असेल तोवर, प्लास्टरच बरं. इथे घाई करून काही मिळत नाही. बालपणीच्या तीव्र प्रकाराला मज्जाप्रत्यारोपण हा मुळावरचा उपाय आहे. तिथे हाताचं फ्रॅक्चर ही दुय्यम गोष्ट होते.

जाता जाता एक. ठिसूळ हाडांच्या रुग्णाच्या रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज तपासताना ते वाढलंय का एवढंच बघायची सवय असते. ते फार कमी असेल तर तो हायपोफॉस्फटेशिया असू शकतो, आणि ओआयला उपयोगी पडणारं तेच औषध तिथे देऊ नये असं मानतात. ही तपासणी अगदी स्वस्त आहे.

तिसरी अडचण जुळण्याची. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ तीन हजारांत साधारण एकाला असतो. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, हे त्याचं ओळखपत्र. त्यातल्या थोड्या मुलांची नडगी वाकून मोडते आणि जुळत नाही. त्याहून फार थोड्यांच्या बाबतीत हे कोपराखाली होतं. हाड मोडतं, प्लास्टर होतं, तीन महिन्यांनी फिल्मवर टोकं पेन्सिलीसारखी निमुळती झालेली. मग प्लेट आणि कंबरेतून काढून लावलेलं हाड. तेही विरघळतं. पुन्हा प्लेट. अशी तीन-चार ऑपरेशनं झालेल्या मुलांच्या हकिकती या विषयाच्या साहित्यात जागोजागी आहेत आणि वाचताना चीड येते, कारण दोष स्थिरतेचा नसतोच. हाडाभोवतीचं आवरणच रोगट असतं, ते मागे ठेवून कितीही घट्ट आवळलं तरी काय उपयोग? रोगट भाग आवरणासकट मोकळेपणाने काढून, पायातलं फिब्युला हे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या हाताच्या वाहिन्यांना जोडायचं, हा उपाय गेल्या काही दशकांत सर्वांत भरवशाचा ठरला. तो थोड्याच केंद्रांत होतो.

तो शक्य नसेल, किंवा फसला असेल, तर एक जुना, दिसायला ओबडधोबड उपाय उरतो. कोपराकडची अल्ना आणि मनगटाकडची रेडियस एकमेकांना जोडून दोन हाडांचं एकच हाड करायचं. हात कायमचा एका स्थितीत थांबतो, फिरणं जातं; पण पकड, उचलणं, लिहिणं परत येतं. परिषदांत यावर वाद होतात, त्याला हार म्हणणारे सर्जन आहेत. पाच वर्षं पट्टा लावून वावरलेल्या मुलाला विचारलं तर तो काय म्हणेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि मग ती मुलं, ज्यांची दोन हाडं मुळातच एकमेकांना चिकटलेली असतात. गर्भात दोन्ही हाडं एकाच दांड्यातून वेगळी होतात. वरच्या टोकाशी ते वेगळं होणं अर्धवट राहिलं तर कोपरापाशी हाडाचा पूल उरतो. साधारण साठ टक्के वेळा दोन्ही हातांत. हात कमीअधिक पालथ्या स्थितीत थिजलेला. अशी मुलं खांदा आणि मनगट वापरून इतक्या शिताफीने निभावतात की शाळेत जाईपर्यंत घरच्यांच्या लक्षातही येत नाही. मग कुणीतरी बघतं, पोरगा तोंड धुताना पाणी ओंजळीत धरत नाही. तीर्थाला हात पुढे करतो तो खांदा आणि कोपर वेडंवाकडं करून.

हा हात मोडला तर? आपण वर जो १०-२० अंशांचा हिशेब मांडला तो फिरण्यासाठी होता, आणि इथे फिरणं नाहीच. तेव्हा मिलिमीटरपर्यंत बाक परत आणायची प्लेट कशासाठी? चांगलं बसवलेलं प्लास्टर पुष्कळदा पुरतं. वरचा पूल एक टोक आपोआप धरून ठेवतो. उलट, हाड बसवताना नेहमीच्या सवयीने मनगट धरून हात उताणा करायला गेलं तर ती पिळण जाते थेट फ्रॅक्चरवर किंवा पुलावर. सळई घालायची झालीच तर कोपराकडून घातलेली सळई पुलापाशी वाकलेल्या पोकळीत अडू शकते, हे आधी फिल्मवर पाहून ठेवावं. एकाच गोष्टीबाबत मात्र इथे कडक राहावं लागतं: तळवा कोणत्या दिशेला जुळतोय. पूर्वी जेमतेम चाळीस अंश पालथा असलेला हात सत्तर अंशांवर जुळला, तर खांद्याने निभावलेलं सगळं कोलमडतं, आणि निरोगी मुलासारखं त्याला उरलेलं वळण कुठून काढता येणार? त्यासाठी मोडण्याआधी तो कोन किती होता हे माहीत हवं. दुसरा हात तसाच असेल असं नाही. ज्या घरात असं मूल आहे त्यांनी मूल निरोगी असताना त्याचे दोन्ही हात उताणे-पालथे करतानाचे, घास घेतानाचे चार फोटो फोनमध्ये ठेवावेत. या विषयावरच्या पुष्कळ निबंधांपेक्षा रात्री दहा वाजता तो फोन जास्त कामाला येतो.

काहींना रेडियस नसतेच, किंवा अर्धीच असते. मनगट अंगठ्याकडे वळलेलं, एकुलती अल्ना आखूड, जाड आणि बाकदार. ती मोडली की शेजारी टेकू द्यायला दुसरं हाड नसतं. पण इथे पहिला प्रश्न हाडाचा नाहीच. ही उणीव एकटी येत नाही. अंगठा शाबूत आहे पण रेडियस नाही, अशा बाळाच्या रक्तात प्लेटलेट कमी असू शकतात. अंगठाही बारीक किंवा गायब असेल तर फॅन्कोनी अॅनिमिया मनात यायला हवा. त्यात पाच-दहा वर्षांच्या सुमारास मज्जा आटते. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला भोक असतं, कुणाची एक किडनी नसते. भूल देण्याआधी रक्ताची पूर्ण तपासणी, हृदयाचा इको, पोटाची सोनोग्राफी. तुटलेलं हाड दोन दिवस थांबू शकतं. ऑपरेशन करायचं ठरलं तर मनगटाजवळची अल्नाची वाढीची चकती जपायची. तो हात पूर्ण वाढला तरी आधीच आखूड राहणार असतो, एखादा आडवा स्क्रू त्यातले चार-पाच सेंटिमीटर आणखी खाऊन जाईल.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. हाडांवर अनेक गाठी येणाऱ्या घराण्यांत अल्ना आखूड राहते, रेडियस बाकते, तिचं टोक निखळतं. फ्रॅक्चरच्या निमित्ताने गाठी दिसल्या तरी त्याच बैठकीत सगळं सरळ करायचा मोह टाळावा. आणि ओटो माडेलुंग यांनी १८७८ मध्ये सविस्तर मांडलेली मनगटाची ठेवण, बहुतकरून मुलींमधली: अशी ठेवण असलेल्या बाई चाळिशीत पडून मनगट मोडून आल्या की सर्जन पुस्तकातला ११ अंशांचा उतार आणायला बघतो. त्यांचा उतार जन्मभर त्याच्या दुप्पट-तिप्पट होता. बाजारात मिळणारी तयार वळणाची प्लेट तिथे बसत नाही, आणि ती बसावी म्हणून हाड वाकवलं तर मनगटाचे बाकीचे सांधे कुरकुरतात.

आपल्या भागात या सगळ्याला आणखी दोन धागे आहेत. एक, नात्यातली लग्नं. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न हा अनेक समाजांत मानाचा रिवाज आहे. ऑस्टिओपेट्रोसिसचा बालपणीचा प्रकार, फॅन्कोनी, ओआयचे काही तीव्र प्रकार बहुधा दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच होतात, आणि भारतातल्या जनुकीय पाहण्यांत ओआयच्या अशा प्रकारांचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त निघाला आहे. पहिल्या मुलाच्या फ्रॅक्चरचं नेमकं निदान म्हणूनच दुसऱ्या गरोदरपणाच्या आधी लागतं. दुसरा धागा हाडवैद्याचा. त्याला नुसतं हिणवण्यात अर्थ नाही. तो जवळ असतो, पैसे कमी घेतो, कापत नाही. ओआयच्या मुलाच्या आईबापांना ‘कापणार नाही’ हेच ऐकायचं असतं. पण बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटला तर बोटं कायमची आखडतात; रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णिलेली ही आपत्ती आजही गावाकडून शहरात येते. आणि जो हात मुळातच फिरत नाही किंवा ज्याचं टोक जन्मापासून बाहेर आहे, तो दर आठवड्याला तेल लावून ‘बसवत’ राहिल्याने नवी फ्रॅक्चर होतात.

पैशांच्या बाजूला थोडा उजेड आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ऑस्टिओपेट्रोसिस आणि फॅन्कोनी प्रत्यारोपणाने बऱ्या होऊ शकणाऱ्या गटात आहेत, ओआयचं औषध दुसऱ्या गटात; मदतीची मर्यादा पुढे ५० लाखांपर्यंत वाढली आणि मुंबईचं केईएम रुग्णालय ठरवलेल्या केंद्रांपैकी एक आहे. प्रत्यक्षात पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट महाग नाही. महाग असतात ते दर काही महिन्यांचे मुंबईचे फेरे, बुडलेली मजुरी आणि मुलाला मांडीवर घेऊन एसटीने केलेला प्रवास, ज्यात एखादा खड्डा पुढचं फ्रॅक्चर असू शकतो.

साहित्यात सर्वांत कमी लिहिलं गेलंय ते मोठ्या झालेल्या रुग्णांवर. मुलांच्या विभागाची फाईल अठराव्या वर्षी बंद होते. ओआयच्या मुलांत तारुण्यानंतर फ्रॅक्चर कमी होतात, बायकांत पाळी गेल्यावर ती पुन्हा वाढतात. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत ही माणसं कोणत्याच दवाखान्याची नसतात. मग एखादी पन्नाशीची बाई स्वयंपाकघरात घसरते, नव्या गावच्या नव्या डॉक्टरला एक्स-रेत नवव्या वर्षी घातलेली तार दिसते, टोकाशी हाड मोडलेलं. तार काढायची की ठेवायची? तिची जाडी किती, ती कोणत्या बाजूने घातली, तेव्हा भुलेला काही त्रास झाला होता का? त्या वेळच्या दवाखान्याने नोंदी कधीच रद्दीत घातलेल्या असतात. पण अशा घरांतून एक प्लास्टिकची पिशवी निघते, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेली. तीत पिवळी पडलेली डिस्चार्ज कार्डं, गुंडाळून वाकलेल्या फिल्म आणि कधीकधी आईच्या हातची यादी असते: कोणता हात, कोणत्या साली, कशाने. ती यादी आधी वाचून मग ऑपरेशनची तारीख द्यावी.